अनंत काळाची तारीख : नेटवर्क बॅकअपमधील डिफॉल्ट सेटिंगचा इतिहास

१/२०
अनंत काळ संपतो कधी? नेटबॅकअप या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांकडे या प्रश्नाचे नेमके उत्तर होते : १९ जानेवारी २०३८. एखादा बॅकअप ‘अनंत काळ जपावा’ असे ठरवले, की त्याच्या मुदतीच्या रकान्यात हीच तारीख उमटे. ती कोणा व्यवस्थापकाने निवडली नव्हती, कोणा बैठकीत ठरली नव्हती. ती यंत्राच्या पोटातून आली होती. आजचा धागा अशाच, कोणी उघडपणे न घेतलेल्या निर्णयांचा आहे. या निर्णयांनी गेल्या ४५ वर्षांत जगातील किती नोंदी टिकाव्यात आणि किती पुसल्या जाव्यात, हे मुकाट्याने ठरवले.

२/२०
डिफॉल्ट सेटिंग म्हणजे काय? आपण काहीच सांगितले नाही तर सॉफ्टवेअरने काय करायचे, याचा दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेला निर्णय. इतिहासाच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटू नये. कोणता कागद कायमचा जपायचा आणि कोणता मुदत संपताच नष्ट करायचा, हा प्रत्येक दप्तरखान्याचा मूळ प्रश्न असतो. आपल्याकडील सरकारी कार्यालयांत अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी याच कारणासाठी केली जाते. अ वर्ग कायमचा, ड वर्ग अल्पकाळाचा. बॅकअप सॉफ्टवेअरही हेच करते. फरक इतकाच की तेथे वर्ग ठरवणारा कारकून पुष्कळदा कोणी नसतोच. त्याच्या जागी एक आकडा बसलेला असतो.

३/२०
प्रारंभ करू १९७९ पासून. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘डंप’ नावाचा आदेश होता. फाइल-प्रणालीची प्रत चुंबकीय फितीवर उतरवणे हे त्याचे काम. या आदेशाला ० ते ९ अशा पातळ्या होत्या. शून्य म्हणजे सर्व काही. त्यापुढची कोणतीही पातळी म्हणजे तिच्याहून खालच्या पातळीचा शेवटचा बॅकअप झाल्यानंतर जे बदलले तेवढेच. आता प्रश्न असा : नुसताच ‘डंप’ असा आदेश दिला, पातळी सांगितलीच नाही, तर? मार्गदर्शिकेत उत्तर लिहिलेले होते. पातळी ९ धरावी, आणि कामाची तारीख नोंदवून ठेवावी.

४/२०
म्हणजे न बोलणाऱ्याच्या वाट्याला सर्वांत कमी काम करणारी पातळी येई. यामागे आळस नव्हता, काटकसर होती. त्याच आदेशात फितीची लांबी २३०० फूट आणि घनता इंचाला १६०० बाइट अशी गृहीत धरली जात असे. गुणाकार करून पाहा : संपूर्ण फितीवर कागदोपत्री कमाल सुमारे ४४ मेगाबाइट, आणि मधल्या रिकाम्या जागा वजा केल्यावर त्याहूनही कमी. आज मोबाइलवर काढलेल्या दहा-बारा छायाचित्रांनी ती भरून जाईल. अशा जगात रोज ‘सर्व काही’ उतरवणे शक्यच नव्हते. डिफॉल्टचा पहिला नियम येथेच दिसतो : जे त्या काळी महाग असते, ते डिफॉल्ट वाचवू पाहते.

५/२०
यानंतर आले नेटवर्क. १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ‘आरडंप’ हा आदेश मिळाला. एका संगणकावरील फाइली दुसऱ्या संगणकाला जोडलेल्या फितीवर पाठवण्याची सोय झाली. आता प्रत्येक यंत्राला स्वतःचे महागडे टेप ड्राइव्ह लागणार नव्हते. मात्र या सोयीबरोबर एक गृहीतकही आले. दोन यंत्रांमधली ओळख मुख्यतः यंत्राच्या नावावरील विश्वासाने पटवली जाई, आणि मजकूर तारेवरून उघडाच वाहत जाई. नेटवर्क म्हणजे आपल्याच इमारतीतील आपलीच माणसे, असा तो काळ. पुढे नेटवर्क वाढले, इमारतीबाहेर गेले, जगभर पसरले. गृहीतक मात्र पुष्कळ वर्षे जागचे हलले नाही.

६/२०
१९९१ च्या सुमारास मेरीलँड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एक नवी अडचण उभी होती. टेबलाटेबलांवर वर्कस्टेशन आली होती. त्यांच्या डिस्क मोठ्या होत होत्या. एका ८ मिलिमीटरच्या फितीवर आता गिगाबाइटच्या मापात मजकूर मावू लागला होता; पण एकामागून एक यंत्राचा बॅकअप घ्यायचा, तर रात्र पुरत नसे. जेम्स दा सिल्व्हा आणि ओलाफुर गुडमुंडसन यांनी यावर जे सॉफ्टवेअर उभारले त्याचे नाव ‘अमांडा’. अनेक यंत्रांचे बॅकअप एकाच वेळी एका मधल्या डिस्कवर उतरवायचे, आणि तेथून फितीवर सलग लिहायचे, ही त्याची मध्यवर्ती कल्पना. धान्य आधी खळ्यावर गोळा करावे आणि मग कणगीत भरावे, तसे.

७/२०
अमांडाची दुसरी कल्पना अधिक मोलाची होती. जुन्या पद्धतीत व्यवस्थापक स्वतः वेळापत्रक आखत असे : रविवारी पूर्ण बॅकअप, इतर दिवशी फक्त बदललेले. त्यामुळे रविवारची फीत तुडुंब भरे आणि बुधवारची जवळपास रिकामी राही. अमांडाने वार विचारणेच सोडून दिले. तिने विचारले, ‘प्रत्येक डिस्कचा पूर्ण बॅकअप जास्तीत जास्त किती दिवसांत व्हायला हवा?’ तेवढे सांगितले की कोणत्या रात्री कोणाचा पूर्ण आणि कोणाचा अंशतः बॅकअप घ्यायचा, हे ती स्वतः ठरवी आणि ओझे सर्व रात्रींवर सारखे वाटून देई. न सांगितल्यास? चक्र १० दिवसांचे, आणि फिती १५.

८/२०
आता अमांडाच्या एका डिफॉल्टची गोष्ट ऐका. ती गमतीची आहे आणि तितकीच बोचरी. संध्याकाळी कोणी नवी फीत घालायला विसरले तर काय? अमांडा थांबत नसे. मधल्या डिस्कवर बॅकअप घेत राही. पण ती डिस्क भरून जाण्याची भीती होती. म्हणून ‘रिझर्व्ह’ नावाची एक सेटिंग होती : फीत नसताना या डिस्कचा किती टक्के भाग केवळ अंशतः बॅकअपसाठी राखून ठेवायचा? तिचे डिफॉल्ट मूल्य होते १००. म्हणजे फीत नसेल त्या काळात एकही पूर्ण बॅकअप घेतला जाणार नाही.

९/२०
एका रात्रीपुरता हा निर्णय शहाणपणाचाच होता. रोजचे बदल तरी वाचावेत, पूर्ण प्रत उद्या घेता येईल. परंतु पुढे काही जणांनी फितीच सोडल्या आणि मधल्या डिस्कवरच काम भागवायचे ठरवले. त्यांच्यासाठी हाच आकडा अडसर झाला. रोज बॅकअप चालतो आहे असे वाटे, मात्र ज्या पायावर अंशतः बॅकअप उभे राहतात तो पूर्ण बॅकअपच घेतला जात नसे. उपाय एका ओळीचा : १०० च्या जागी लहान आकडा लिहायचा. पण तो लिहिण्यासाठी अशी ओळ अस्तित्वात आहे हे आधी ठाऊक असावे लागते. न लिहिलेली ओळ कोणाच्या नजरेस पडत नाही.

१०/२०
तिकडे आयबीएमने १९९३ साली एडीएसएम नावाचे उत्पादन आणले. त्याची बीजे कॅलिफोर्नियातील आल्माडेन संशोधन केंद्रात रुजली होती. पुढे १९९९ मध्ये ते टिव्होली स्टोरेज मॅनेजर आणि २०१५ मध्ये स्पेक्ट्रम प्रोटेक्ट झाले. त्याचा विचार वेगळाच होता : पूर्ण बॅकअप एकदाच घ्यायचा, त्यानंतर कायम फक्त बदललेल्या फाइली. प्रत्येक फाइलच्या किती आवृत्त्या कोठे आहेत, याची खतावणी सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये. वाचकहो, या खतावणीचे नियम महत्त्वाचे आहेत. सॉफ्टवेअर बसवले की ‘स्टँडर्ड’ नावाचे एक तयार धोरण सोबत येई, आणि त्यात चार आकडे लिहिलेले असत.

११/२०
ते चार आकडे : २, १, ३०, ६०.
• फाइल यंत्रावर अस्तित्वात असेल तर तिच्या २ आवृत्त्या ठेवा.
• फाइल यंत्रावरून पुसली गेली तर १ आवृत्ती ठेवा.
• जादा जुनी आवृत्ती ३० दिवस ठेवा.
• पुसलेल्या फाइलची ती शेवटची आवृत्ती ६० दिवस ठेवा.
वरवर पाहता सगळे नीटनेटके. आता एक उदाहरण घ्या. सोमवारी रात्री चांगल्या फाइलचा बॅकअप झाला. मंगळवारी फाइलमध्ये काही बिघडले, आणि रात्री बिघडलेली फाइल जपली गेली. बुधवारी तीच फाइल पुन्हा बदलली आणि पुन्हा जपली गेली. आता दोन आवृत्त्या आहेत, मंगळवारची आणि बुधवारची. दोन्ही बिघडलेल्या. सोमवारची गेली.

१२/२०
येथे कोणतीही यंत्रणा बंद पडली नव्हती. प्रत्येक रात्रीच्या अहवालात ‘यशस्वी’ असेच लिहिलेले असणार. नियम पाळला गेला, म्हणूनच चांगली प्रत गेली. १९९३ च्या दृष्टीने पाहिले तर हे आकडे समजण्याजोगे आहेत. डिस्क जळणे, यंत्र बंद पडणे, फाइल चुकून पुसली जाणे, ही तेव्हाची मुख्य भीती. त्यासाठी कालची प्रत पुरते. साठवणुकीची जागा महाग होती, तेव्हा दोन आवृत्त्या म्हणजे सावध मध्यममार्ग. खंडणीसाठी फाइलींना कुलूप घालणाऱ्या कार्यक्रमांचा सुळसुळाट त्या काळी नव्हता. आजचा शत्रू फाइल पुसत नाही, तो ती बदलतो. दोन आवृत्त्यांच्या नियमाला नेमके हेच ओळखता येत नाही.

१३/२०
आता वळू धाग्याच्या पहिल्या ओळीकडे. नेटबॅकअपमध्ये जतनाच्या मुदतीसाठी क्रमांकित पातळ्या होत्या. पातळी ० म्हणजे १ आठवडा, १ म्हणजे २ आठवडे, ३ म्हणजे १ महिना, ८ म्हणजे १ वर्ष, आणि ९ म्हणजे अनंत काळ. पण यंत्रातील वेळ १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत मोजली जाई, आणि ती संख्या ३२ बिटांच्या कप्प्यात ठेवली जाई. त्या कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४७,४८३,६४७. हे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी संपतात. ‘अनंत’ हा शब्द माणसासाठी होता. यंत्राने त्याचा अर्थ ‘माझ्याकडचा सर्वांत मोठा आकडा’ असा घेतला. नव्या आवृत्त्यांनी ही मर्यादा ओलांडली, पण बोधकथा मागे उरली.

१४/२०
२००० साली कर्न सिबाल्ड यांनी ‘बॅकुला’ हा प्रकल्प हाती घेतला आणि २००२ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. ड्रॅक्युला आणि बॅकअप यांचा हा संकर. रात्री येतो आणि यंत्रांतील सत्त्व शोषून नेतो, अशी त्यामागची थट्टा. बॅकुलाबरोबर येणाऱ्या नमुना फाइलमध्ये एक सुबक वेळापत्रक असे : महिन्याच्या पहिल्या रविवारी पूर्ण बॅकअप, उरलेल्या रविवारी त्या पूर्ण बॅकअपनंतरचे सर्व बदल, आणि सोमवार ते शनिवार रोजचे बदल. वेळ रात्री ११ वाजून ५ मिनिटे. त्यानंतर ११ वाजून १० मिनिटांनी खुद्द बॅकुलाच्या सूचीचा बॅकअप. जगभरातील असंख्य सर्व्हर आजही अकराच्या ठोक्यानंतर जागे होतात, ते या नमुन्यामुळेच.

१५/२०
परंतु त्याच नमुन्यात काय जपायचे याची यादी होती, आणि ती मुद्दाम अगदी तोकडी ठेवलेली होती. नवख्याला चाचणी घेता यावी म्हणून तिच्यात केवळ बॅकुलाच्या स्वतःच्या कार्यक्रमांची निर्देशिका असे. तसे फाइलीत लिहूनही ठेवले होते. ज्याने ते वाचले नाही त्याला रोज यशस्वी बॅकअप मिळे, फक्त त्यात त्याचे काही नसे. दुसरा डिफॉल्ट याहून सूक्ष्म होता : एका फाइल-प्रणालीची हद्द ओलांडून दुसरीत शिरायचे नाही. यादीत मूळ निर्देशिका लिहिली, तरी लोकांच्या घरच्या फाइली वेगळ्या विभाजनावर असतील तर त्या सुटत. अहवालात तशी ओळ येई. पण ‘यशस्वी’ या शब्दाखालच्या ओळी वाचतो कोण?

१६/२०
बॅकुलाची तिसरी गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला सर्वाधिक भावेल. तेथे तीन वेगवेगळ्या मुदती होत्या. फाइलींच्या नोंदी ६० दिवस, कामाच्या नोंदी १८० दिवस, आणि प्रत्यक्ष फीत ३६५ दिवस. म्हणजे तिसऱ्या महिन्यात अशी स्थिती येई की मजकूर फितीवर सुखरूप आहे, पण कोणती फाइल कोठे आहे हे सांगणारी सूची आपोआप छाटली गेली आहे. दप्तर आहे, रुमालही बांधलेले आहेत. यादी तेवढी गायब. एक फाइल हवी असेल तर संपूर्ण काम उलगडून काढावे लागे, किंवा फीत वाचून सूची नव्याने रचावी लागे. सूची छोटी राहावी, डेटाबेस फुगू नये, हा त्यामागचा हेतू. डिफॉल्ट पुन्हा एकदा त्या काळी महाग असलेली गोष्ट वाचवत होता.

१७/२०
आता २०१७. ३१ जानेवारीच्या रात्री गिटलॅब या संकेतस्थळावर काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसची निर्देशिका पुसली. आदेश थांबवला तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइट उरले होते. बॅकअपकडे धाव घेतली, तर रोजच्या प्रतींचे भांडार रिकामे. कारण? डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता. बॅकअप ज्या यंत्रावरून निघे, तेथे आवृत्ती सांगणारी फाइलच नव्हती. ती सापडली नाही, की सॉफ्टवेअर डिफॉल्ट म्हणून ९.२ ची साधने निवडे. जुने साधन नव्या डेटाबेसला हात लावेना आणि काम रोज अपयशी होई. अपयशाचे ईमेल जात होते. पण आवश्यक स्वाक्षरी नसल्याने तेही नाकारले जात होते.

१८/२०
मग गिटलॅब वाचले कसे? डिस्कची तात्कालिक प्रत डिफॉल्टने २४ तासांतून एकदा घेतली जाई. त्या दिवशी मात्र दुसऱ्याच एका कामासाठी, घटनेच्या सुमारे ६ तास आधी, एक प्रत हाताने घेतली गेली होती. तिच्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. नुसती ती प्रत परत आणायला सुमारे १८ तास लागले. मधल्या काही तासांतील अंदाजे ५,००० प्रकल्पांचे बदल, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती कायमची गेली. हा सारा तपशील कंपनीने स्वतः उघडपणे प्रसिद्ध केला, आणि म्हणूनच आज आपल्याला तो इतिहास म्हणून वाचता येतो. लक्षात घ्या, माणसाच्या चुकीने घाव घातला. पण ढाल आधीच गळून पडली होती आणि ती एका डिफॉल्टमुळे.

१९/२०
या प्रवासाचा शेवटचा टप्पा म्हणजे आपल्या हातातला लॅपटॉप. पुण्यात २००८ साली स्थापन झालेल्या ड्रुवासारख्या कंपन्यांनी बॅकअप सर्व्हरच्या खोलीतून काढून कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपपर्यंत नेला. सर्व्हरला निदान एक व्यवस्थापक असतो, तो मार्गदर्शिका उघडण्याची शक्यता तरी असते. लॅपटॉपधारक ती उघडत नाही. त्याच्यासाठी डिफॉल्ट हाच एकमेव निर्णय. म्हणून अलीकडे उलटा प्रवाहही दिसतो. बॅकुलापासून फुटून निघालेल्या ‘बॅरिऑस’ने १८.२ या आवृत्तीपासून नेटवर्कवरील मजकुराचे कूटलेखन डिफॉल्टनेच सुरू ठेवले. आरडंपच्या काळातील ‘तारेवर सगळी आपलीच माणसे’ हे गृहीतक येथे बदलले. न बोलणाऱ्यालाही संरक्षण मिळावे, हा विचार डिफॉल्टमध्ये उतरू लागला.

२०/२०
तात्पर्य. डिफॉल्ट हा आकडा नसतो, तो एखाद्या काळाचा दस्तऐवज असतो. ९ या पातळीत १९७९ ची फीत आहे, १०० टक्क्यांच्या रिझर्व्हमध्ये मेरीलँडची भरत आलेली डिस्क आहे, दोन आवृत्त्यांत १९९३ ची महाग साठवणूक आहे. काळ बदलतो, आकडा मागे राहतो आणि हुकूम सोडत राहतो. त्यामुळे आपल्या बॅकअपला, तो महाविद्यालयाच्या संग्रहाचा असो वा घरच्या छायाचित्रांचा, चार प्रश्न विचारावेत. काय वगळले जात आहे? किती आवृत्त्या, किती दिवस? अपयश आले तर ते कोणाला कळते? आणि प्रत परत आणून कधी पाहिली आहे का? भावी इतिहासकाराच्या हाती आपल्या काळाची साधने पडतील की नाही, हे या चार उत्तरांवर अवलंबून आहे. ती उत्तरे आपण दिली नाहीत, तर कोणा जुन्या आकड्याने ती आधीच देऊन ठेवली आहेत.